धोटा फेकला कोणी?

अगं,

तुझा मेसेज रात्री अकराला वाचला आणि झोपच गेली. स्टाईल सापडत नाही, चित्रकला सोडून देऊ का म्हणतेस. सोडायची की नाही ते तुझं तू ठरव. पण तांबट आळीत तांब्याची भांडी घडवणाऱ्या त्या काकांची तीन चित्रं पाठवलीस ना, तिन्हीत त्यांची हातोडी डोक्याच्या वर गेलीय. मठारकाम करताना, म्हणजे भांड्याला ठोके देताना, कोण एवढी हातोडी उचलतं? ठोके जवळून पडतात, एकाला लागून एक, म्हणून तर घंगाळावर ते सारखे खळगे उमटतात. तू फोटो काढून निघून आलीस, हो ना? किती वेळ थांबलीस तिथे? आधी काम बघायचं गं. बाकी सगळं नंतर.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगची सूर्यफुलं तुझ्या मोबाईलच्या कव्हरवर आहेत, त्याने काढलेले विणकर बघितलेस का कधी? १८८३ च्या डिसेंबरात तो हॉलंडमधल्या न्यूनेन गावी आईवडिलांकडे परत आला, तीस वर्षांचा, खिशात पैसे नाहीत, चित्रं विकली जात नाहीत. गावात घरोघरी हातमाग. पुढचे सहा-सात महिने हा माणूस विणकरांच्या घरात जाऊन बसला, दहाएक तैलचित्रं केली, शिवाय पेनाची ड्रॉइंग आणि जलरंग वेगळेच. खोल्या इतक्या लहान की मागे सरकून नीट बघायलाही जागा नाही, ही तक्रार त्याच्या पत्रांत आहे, तरी तो जातच राहिला. एका जुन्या ओकच्या मागावर १७३० साल कोरलेलं होतं तेसुद्धा त्याने भावाला, थिओला, कळवलंय. आणि त्याच मागाशेजारी उंच खुर्चीत बसवलेलं तान्हं मूल, तासन्‌तास आडवा धागा घेऊन इकडून तिकडे जाणारा धोटा बघत बसलेलं. हे दहा मिनिटांत दिसतं का? त्या मुलाइतकंच यालाही बसावं लागलं तेव्हा दिसलं.

चित्रं उघडून बघ. माणूस लहान आहे, माग मोठा. काही चित्रांत तर चेहरा धड दिसतही नाही, लाकडाच्या चौकटीत माणूस अडकल्यासारखा वाटतो. तू काकांच्या सुरकुत्यांवर आठवडा घातलास आणि ज्या लोखंडी दांड्यावर ते भांडं टेकवतात तो दांडाच चित्रात नाही! मग ठोका बसतो कशावर? राप्पार्ड नावाच्या चित्रकार मित्राला व्हिन्सेंटने लिहिलं होतं की एखाद्या मेकॅनिकने काढलेल्या मागाच्या ड्रॉइंगशेजारी माझं ठेवलं, तर माग घामेजल्या हातांनी कळकट झालेल्या लाकडाचा आहे हे माझ्यातच जास्त कळेल. पण त्यासाठी माग कळायला लागतो. आधी काम बघायचं, परत सांगतो.

मला राग का येतो ते सांगतो. येवल्यात आमच्या घरी खड्डामाग होता. वडील खड्ड्यात पाय सोडून बसायचे, आई धाग्याच्या कांड्या भरायची आणि मी त्याच खोलीत पाठ करून पुतळ्यांच्या फोटोवरून शेडिंग घोटायचो, परीक्षेसाठी. वडिलांचं एक स्केच नाही माझ्याकडे. एकसुद्धा नाही. पुढे नाव झाल्यावर एका ऑफिसच्या भिंतीसाठी विणकराचं मोठं चित्र केलं, पैसे बरे मिळाले, सगळ्यांनी वाहवा केली. वडिलांचे मित्र बघायला आले, बराच वेळ उभे राहिले, मग हळूच म्हणाले, अरे, दोन्ही हात धागा ठोकायच्या फणीवर आहेत आणि धोटा मधेच, मग धोटा फेकला कोणी?

वडील तेव्हा नव्हते. माग कधीच विकला होता.

त्यानंतर मी प्रदर्शनं बंद केली आणि शाळेत शिकवायला लागलो. लोक म्हणाले घाबरला. घाबरलो नव्हतो. ज्याच्या घरात माग होता त्याने खोटा माग रंगवला, आता परत बघायला शिकल्याशिवाय भिंतीवर काही लावायचं नाही असं ठरवलं, आणि ते मला आजही बरोबर वाटतं. बावीस वर्षं मुलांना सुतार, कुंभार, चांभार यांच्याकडे नेऊन बसवलं. पालक ओरडले, बसवलं तरीही.

तू माझ्याहून चांगली आहेस, रंगाची जाण तर मला कधीच नव्हती तेवढी तुला आहे. म्हणून हे तीन कॅनव्हास बघून जास्त त्रास झाला. काकांकडे परत जा. चार दिवस नुसती बस, चहा घे त्यांच्याबरोबर, हातोडी कुठली कधी उचलतात, भांडं कुठल्या हाताने फिरवतात, डोळा कुठे असतो ते बघ. पाचव्या दिवशी पेन्सिल काढ. काका म्हणतील तर एक ठोका मारून बघ स्वतः, मनगटाला काय होतं ते कळेल.

बुधवारी मी घरी आहे. वडिलांचा धोटा कपाटात आहे, अंगठ्याच्या जागी झिजलाय. हातात घेऊन बघ एकदा. फोटो काढू नकोस.