केबिन क्रूचं ट्रेनिंग झालं की थेट ड्युटी लागते का, का परत ट्रेनिंगच्या फ्लाइट कराव्या लागतात?

तुम्ही विचारलंय की बहिणीचं एअरलाइनमध्ये सिलेक्शन झालंय आणि क्लासवाले म्हणतात आमचा डिप्लोमा आहे म्हणजे थेट ड्युटी. तर नाही ओ, असं काही नसतं. मी सहा वर्षं केबिन क्रू होते, आता कोल्हापुरातच आहे. मी पण राजारामपुरीतल्या एका क्लासला पैसे भरून बसलेले, तिथं मेकअप आणि इंग्लिश बोलणं शिकवलं, बास. डीजीसीएच्या, म्हणजे विमानसेवेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमाप्रमाणं ट्रेनिंग एअरलाइनच घेते, सगळ्यांना पहिल्यापासून, तुमचा डिप्लोमा असो नसो.

त्यात आग, धूर, फर्स्ट एड, डेंजरस गुड्स, सिक्युरिटी, दरवाजे उघडायचं ड्रिल, पाण्यातलं ड्रिल असं सगळं येतं. मी पंचगंगेत पोहायला शिकलेली म्हणून पाण्याचं काही वाटलं नाही, पण लाइफ जॅकेट घालून दुसऱ्याला ओढत न्यायचं म्हणजे जीव जातो. परीक्षा पास झालं की मग त्या फ्लाइट येतात ज्याबद्दल तुम्ही विचारताय. आमच्यात त्याला एसएनवाय म्हणतात, सुपरन्यूमररी, म्हणजे तुम्ही विमानात आहात, युनिफॉर्म आहे, पण मोजणीत नाही. नियम आहे ५० सीटला एक क्रू, म्हणून १८० सीटच्या एअरबस ए३२० मध्ये चार जणी लागतात, एसएनवाय असलेली मुलगी पाचवी. चौघींतली एक आयत्या वेळी आजारी पडली तर तिच्या जागी हिला उभं करता येत नाही.

माझ्या काकांचं गुऱ्हाळ होतं कागलजवळ. तिथं नवा पोरगा हंगामभर गुळव्याच्या शेजारी उभा राहायचा, काहिल उतरवायची कधी हे त्याला कुणी विचारायचं नाही. अगदी तसंच.

आता सेंटरमध्ये एवढं शिकल्यावर याची गरज काय, तर तिथला डेमो केबिन जागचा हलत नाही. माझ्या दुसऱ्याच फ्लाइटला सर्व्हिस सुरू झाली तेव्हा विमान अजून चढतच होतं, नाक वर, मी पाण्याची बाटली द्यायला वळले आणि ट्रॉलीचं ब्रेकचं लाल पेडल दाबायचं राहिलं. ट्रॉली निघाली की मागं! इन्स्ट्रक्टर मॅडमनी नुसता पाय आडवा लावला, पॅसेंजरकडं बघून हसत राहिल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "लाल." तेवढंच. पण त्यानंतर सहा वर्षांत माझा पाय कधी चुकला नाही. आणि वेळेचा अंदाज, तो तर फ्लाइटमध्येच येतो, कमी अंतराच्या फ्लाइटला चहा देऊन कप गोळा करेपर्यंत खाली उतरायची घोषणा होते.

माझी आत्या म्हणायची, "चहा द्यायला कसली गं परीक्षा?" तिला सांगितलं, की विमान ९० सेकंदात, तेही अर्ध्याच दरवाज्यांतनं, रिकामं करता येतं हे विमान बनवणाऱ्या कंपनीला करून दाखवावं लागतं आणि खरी वेळ आली तर ते आम्हीच करायचं. मग गप्प बसली.

किती फ्लाइट करायच्या ते एअरलाइनच्या मॅन्युअलवर असतं. शेवटी चेक होतो, त्यात पास झालं की मोजणीत येता. पुढं विमानाचा प्रकार बदलला तर परत थोडं शिकावं लागतं. आपल्या उजळाईवाडीच्या विमानतळावर येतं ते एटीआर, छोटं पंख्याचं विमान, घ्या, त्याला आणीबाणीत बाहेर पडायची घसरगुंडीच नसते, दार जमिनीपासून फार उंच नाही ना, म्हणजे दाराची सवय वेगळी झाली.

बहिणीला सांगा ऑफर लेटर नीट वाच, ट्रेनिंग आणि एसएनवायच्या काळात पूर्ण पगार का फक्त स्टायपेंड, आणि बाँड किती वर्षांचा. लाजू नको म्हणावं, एचआरला आत्ताच विचार, आणि क्लासवाल्यांना उरलेला हप्ता द्यायच्या आधी नीट विचार कर.