कारागृहाची घाई करू नकोस

प्रिय बाय,

अठराव्या शतकातला इटालियन कोरीवकार पिरानेसी, त्याच्या ‘कारागृह’ या काल्पनिक तुरुंगांच्या मालिकेतल्या छापाचे तू पाठवलेले फोटो पाहिले. विक्रेत्याने ‘पिरानेसी, कारागृह, अस्सल’ एवढंच लिहिलंय आणि तू विचारतेस, घेऊ का? आत्ता नको. छाप खोटा असेल म्हणून नव्हे. तो कोणत्या काळात काढलेला आहे, हे त्याने सांगितलेलं नाही म्हणून.

या छंदातला निम्मा घोळ इथेच होतो. छाप ज्या तांब्याच्या प्लेटवरून काढतात, ती प्लेट कोरणाऱ्या माणसापेक्षा जास्त जगते. पिरानेसी १७७८ साली रोममध्ये वारला. १७९९मध्ये मुलांनी प्लेटा पॅरिसला नेल्या आणि तिथे छापत राहिले. पुढे पॅरिसच्याच दिदो छापखान्याने १८३५ ते १८३९ या काळात पुन्हा आवृत्ती काढली, आणि १८३९मध्ये पोपच्या सरकारी छापखान्याने प्लेटा विकत घेतल्या. आजही त्या रोममध्येच, सरकारी संग्रहात आहेत. मेणाच्या थरावर सुईने ओढलेली आणि आम्लाने खाल्लेली रेघ (यालाच एचिंग म्हणतात) दर छापागणिक थोडी झिजते. त्यामुळे एकाच प्लेटचा सुरुवातीचा छाप काळाभोर, रसरशीत असतो आणि शेवटचा वर्षानुवर्षं धुतलेल्या कुणबी साडीसारखा विटका. ‘अस्सल’ दोघांनाही म्हणता येतं. भावात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

‘कारागृहां’त तर आणखी एक गुंता आहे. पहिल्यांदा, १७५०च्या आसपास, त्या १४ प्लेटा होत्या. मुखपृष्ठावर प्रकाशकाचं नाव ‘बुशार’ऐवजी ‘बुझार’ असं चुकीचं पडलं होतं. संग्राहकांना अशी चूक सापडली की केवढा आनंद होतो, ते तुला पुढे कळेल. १७६१मध्ये पिरानेसीने त्याच प्लेटा पुन्हा हातात घेतल्या. अंधार गडद केला, जिने, साखळ्या, तुळया वाढवल्या आणि दोन नव्या प्लेटा घालून संख्या १६वर नेली. बाजाराला ही दुसरी, भयाण आवृत्ती आवडते. मला पहिली आवडते. तिच्यात सुई मोकळी पळते, आणि जिना कुठे जातो हे त्यालाही ठाऊक नसावं असं वाटतं. पण तू माझं ऐकून ठरवू नकोस. दोन्ही शेजारी शेजारी लावून बघ. मोठ्या संग्रहालयांनी चांगले स्कॅन फुकट ठेवलेत.

आता हात काळे करायचं काम. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घे. रंगाचे ठिपके दिसले तर ती छापखान्यातली नक्कल आहे, विषय संपला. एचिंगमध्ये रेघ सलग असते आणि शाई कागदावर किंचित उठलेली जाणवते. चित्राभोवती प्लेटने दाबलेली कड दिसायला हवी, पण नुसत्या कडेवर विश्वास ठेवू नकोस. ती नंतरही दाबून काढता येते. कागद उजेडासमोर धर. जुन्या हातकागदात जवळजवळ समांतर रेघा आणि बहुधा वॉटरमार्क असतो. वर्तुळातलं लिलीचं फूल दिसलं तर रोमच्या कागदाची शक्यता वाढते. दिदो आवृत्तीच्या छापांवर वरच्या उजव्या कोपऱ्यात अंक सापडतो का, तेही बघ. पिरानेसीने कोरलेल्या रोमच्या दृश्यांचं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आर्थर हाइंडने तयार केलेलं सूचिपत्र अजूनही कामी येतं. विक्रेत्याच्या यादीत ‘हाइंड’ आणि पुढे आकडा दिसला की समज, त्याने थोडा तरी अभ्यास केलाय.

पैसे जपून सुरुवात करायची असेल तर ज्याच्याकडे पिरानेसी काही काळ शिकला, त्या जुझेप्पे वासीकडे वळ. किंवा लुइजी रोसिनीकडे. त्याच्या १८१९ ते १८२३च्या रोमच्या भग्नावशेषांच्या मालिकेत १०१ प्लेटा आहेत, मोठ्या आकाराच्या, आणि पिरानेसीच्या तुलनेत स्वस्त. नावामागे धावणारे लोक ह्या छापांकडे बघत नाहीत, हे आपल्या पथ्यावर पडतं.

आणि एक. ‘खरे अवशेष’ आणि ‘काल्पनिक वास्तू’ असे दोन कप्पे करू नकोस. व्हेनिसचा चित्रकार कॅनालेत्तो, त्याने आपल्या एचिंगच्या मालिकेच्या नावातच सांगून टाकलं होतं, की काही दृश्यं जागेवरची, काही मनातली. पिरानेसीने खऱ्या कमानींखाली इवलीशी माणसं उभी करून त्या अवाढव्य करून टाकल्या. जर्मन कवी गटे रोमला गेला तेव्हा तिथली कॅराकलाची प्राचीन स्नानगृहं त्याला पिरानेसीच्या चित्रांपेक्षा उणी वाटली. तू पणजीत राहतेस, तुला तर हे शिकायला परदेशी जायची गरज नाही. जुने गोव्याला सेंट ऑगस्टिनच्या मनोऱ्यापाशी जा. १८३५मध्ये संन्यासी मंडळींना हाकललं, मठ ओस पडला, १८४२मध्ये छत कोसळलं, १९३१मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा गेला. आज उभा आहे तो उरलेला भाग. खाली एक पर्यटक उभा असताना फोटो काढ, मग माणसाशिवाय काढ. दोन्ही फोटो समोर ठेवलेस की कोरणाऱ्याची खोड लगेच पकडशील.

विकत घेतलेलं गोव्यात टिकवणं हे मात्र वेगळंच काम. जून आला की चिऱ्याच्या भिंतीला घाम फुटतो. कागदावर तांबूस डाग पडतात, मग कसर आणि वाळवी आहेच. बाहेरच्या भिंतीवर फ्रेम लावूच नकोस. फ्रेमवाल्याला तीनदा सांग, की छाप प्लायवर फेव्हिकॉलने चिकटवायचा नाही आणि कडा कापायच्या नाहीत. ‘साफ दिसेल बाय’ म्हणून कडा कापणारे कारागीर पाहिले की मला धडकी भरते. आम्लमुक्त पुठ्ठा, काच कागदाला न टेकणारी, आणि वरच्या बाजूला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने. ती खळ नंतर पाण्याने सुटते, म्हणून ती. काच नको असेल तर पेटीत ठेव, पण पावसाळ्यात ओल शोषणाऱ्या पुड्या बदलत राहा.

कायद्याचं थोडक्यात. १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांवरची कलाकृती सरकारी परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे तिकडून आणलेलं पुढे तिकडेच विकू, हा हिशेब मनात धरू नकोस. किमतीत कुरियर आणि कस्टमचाही खर्च धर.

तेव्हा विक्रेत्याला आजच लिही. छापाच्या मागच्या बाजूचा फोटो, उजेडासमोर धरलेला कागद, चारही कडा, उजव्या कोपऱ्याचा जवळून फोटो, आणि कोणती आवृत्ती ते लेखी. यातलं एक जरी टाळलं तर दुसरीकडे बघ. सगळं आलं तर मला पाठव, आपण रविवारी ते दोन्ही आवृत्त्यांशी ताडून पाहू.

तुझा,
काका