ज्युनिअर युरोव्हिजन भरते तरी कुठे?

प्रश्न: ताई, माझा भाचा नेदरलँड्सला असतो, त्याच्या दहा वर्षांच्या लेकीला ज्युनिअर युरोव्हिजनचं, म्हणजे त्या देशादेशांतल्या मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेचं वेड लागलंय. व्हिडिओ कॉलवर सारखं तेच. ती म्हणते जो देश जिंकतो तिथे पुढची स्पर्धा होते, मग २०२३ ला फ्रान्स जिंकल्यावर २०२४ ची माद्रिदला कशी काय झाली? आणि एवढ्याशा पोरांना एवढ्या अवाढव्य हॉलमध्ये कशाला उभं करतात?
– एक वाचक, सांगली

उत्तर: तुमची नात म्हणते ते अर्धं खरंय. मोठ्यांच्या युरोव्हिजनमध्ये यजमानपद जिंकणाऱ्याकडे जातं, पण मुलांच्या स्पर्धेत सुरुवातीला तसं नव्हतंच. २००३ ला पहिली स्पर्धा कोपनहेगनला झाली, जिंकला क्रोएशिया, आणि २००४ ची भरली नॉर्वेतल्या लिलेहामरला. ती खरं तर आधी मँचेस्टरला व्हायची होती, ब्रिटनच्या चॅनलने अंग काढून घेतलं, मग क्रोएशियाकडे गेली, तिथे हॉलचं जमेना, शेवटी हातात काही महिनेच उरलेले असताना नॉर्वे उभा राहिला. आदल्या वर्षी जिंकलेल्या देशातच स्पर्धा झाली असं पहिल्यांदा घडलं ते थेट २०११ ला, आर्मेनियातल्या येरेवानला.

त्यानंतर ती प्रथा बऱ्यापैकी रुळली, पण सक्ती नाही हं. २०१४ ला इटली जिंकला आणि नको म्हणाला, मग दुसरा आलेला बल्गेरिया पुढे आला आणि सोफियाला स्पर्धा झाली. माद्रिदचंही तसंच, फ्रान्सने २०२१ ला पॅरिसला आणि २०२३ ला नीसला असं दोनदा करून झालं होतं, त्यामुळे दुसऱ्या नंबरच्या स्पेनने घेतली. मला तर हे फार आवडतं, कारण जिंकलं की खर्चाचा डोंगर डोक्यावर आलाच असं होत नाही, लहान देशाला बिनधास्त पोरं पाठवता येतात.

आता हॉलचं. एक गंमत बघा, यातले कितीतरी हॉल गाण्यासाठी बांधलेलेच नाहीत. लिलेहामरचा हाकन्स हॉल १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या आइस हॉकीचा, माद्रिदची काखा माखिका म्हणजे टेनिसचं स्टेडियम. माल्टाने २०१४ ला मार्सा इथे चक्क जहाजं बांधायच्या जुन्या शेडमध्ये स्टेज उभारलं, आणि २०१६ ला व्हॅलेटामध्ये सोळाव्या शतकात सेंट जॉनच्या सरदारांनी बांधलेल्या रुग्णालयाच्या इमारतीत, तिथला जुना वॉर्ड म्हणे दीडशे मीटरच्या वर लांब आहे, अशा जागी दहा-बारा वर्षांचं लेकरू गातंय हे नुसतं डोळ्यापुढे आणलं तरी अंगावर काटा येतो.

मिन्स्क अरेनाची क्षमता पंधरा हजाराच्या आसपास, तिथे २०१० आणि २०१८ ला झाली, २०१८ ला तर वीस देश आले होते. एवढे देश, त्यांची टीम, कॅमेरे, लाइट्स, हे सगळं मावायला जागा लागतेच, शिवाय हा टीव्हीचा कार्यक्रम आहे. पण तुमची शंका मला पटते. मुलांसाठी व्हॅलेटासारखी आटोपशीर जागाच बरी, पहिल्या रांगेतले चेहरे दिसले की पोराचा आवाज मोकळा होतो, आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या मांडवात दरवर्षी बघते मी.

आणि २०२० ला तर हॉलच नव्हता. कोविडमुळे बारा देशांच्या मुलांनी आपापल्या देशात गाणं रेकॉर्ड केलं आणि कार्यक्रम वॉर्सातल्या स्टुडिओतून झाला, प्रेक्षक नाहीत काही नाहीत. त्या पोरांचं फार वाईट वाटतं मला, स्टेजवर एकत्र उभं राहायची मजाच गेली त्यांची.

तुमच्या नातीसाठी एक सांगते. नेदरलँड्सने ही स्पर्धा दोनदा भरवलीय, २००७ ला रॉटरडॅमच्या अहॉयमध्ये आणि २०१२ ला ॲमस्टरडॅमच्या हाइनेकेन म्युझिक हॉलमध्ये, त्या हॉलचं नाव आता आफास लाइव्ह आहे. भाच्याला सांगा एखाद्या सुट्टीत दाखवून आण. आणि नऊ ते चौदा वयाची मुलं भाग घेऊ शकतात, तिकडे निवड ज्युनिअर साँगफेस्टिव्हालमधून होते, म्हणजे तिच्याकडे अजून बरीच वर्षं आहेत, गाते का हो ती?