गुठळीपर्यंत औषध नेणारे नॅनोकण

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी पहाटे वडिलांच्या अंगावरून वारे गेले. राधानगरीहून कोल्हापूरला पोहोचेपर्यंत दुपार झाली आणि गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ टळल्याचे डॉक्टरांनी सांगितले. नॅनोकणांतून औषध थेट गुठळीपर्यंत नेता येते, असे वाचनात आले. हा उपचार पुण्या-मुंबईत मिळतो का? वडिलांच्या उजव्या हाताला त्याचा उपयोग होईल का?
– एक वाचक, राधानगरी

उत्तर : आपल्या दोन्ही प्रश्नांना आज ‘नाही’ असेच उत्तर द्यावे लागते. पक्षाघातावरचा हा नॅनोकणांचा (म्हणजे अतिसूक्ष्म कणांतून औषध नेण्याचा) उपचार अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच तपासला जात आहे. तरीही या संशोधनाकडे आशेने पाहावे, असे मला मनापासून वाटते.

गुठळी विरघळवणारे सध्याचे अल्टेप्लेज हे औषध रक्तात शिरल्यावर सुमारे पाच मिनिटांत निम्म्यावर येते, म्हणून ते शिरेतून तासभर देत राहावे लागते; उसाच्या एका सरीला पाणी हवे म्हणून सगळ्या शिवारात पाट फोडावा, तसे ते अंगभर फिरते. ज्या अमेरिकन चाचणीमुळे ते रूढ झाले, त्या १९९५ च्या चाचणीत औषध घेतलेल्यांपैकी ६.४ टक्के रुग्णांच्या मेंदूत लक्षणे दिसण्याइतका रक्तस्राव झाला. औषध न दिलेल्यांत हे प्रमाण ०.६ टक्के होते. फायदा त्याहून मोठा असल्याने ते देतात, पण साधारणपणे साडेचार तासांच्या आत आणि सीटी स्कॅनने रक्तस्राव नसल्याची खात्री करूनच.

नॅनोकणांच्या पृष्ठभागावर गुठळीतील फायब्रिनला (गुठळी बांधणाऱ्या प्रथिनाच्या धाग्यांना) किंवा उत्तेजित प्लेटलेट्सना (रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशींना) चिकटणारे रेणू बसवले, तर कमी मात्रेतले औषध नेमके तिथे साठू शकते. हार्वर्डमधील संशोधकांनी २०१२ मध्ये वेगळी वाट काढली : नॅनोकणांचा प्लेटलेटच्या आकाराचा पुंजका अरुंद झालेल्या वाहिनीतील प्रवाहाच्या ताणाने फुटतो आणि औषध लावलेले नॅनोकण तिथेच मोकळे होतात. फुप्फुसात गुठळी असलेल्या उंदरांवर हे साधले. मेंदूची वाहिनी पूर्ण बंद असली, तर मात्र प्रवाहच नसतो. शिवाय बरेचसे कण यकृत आणि प्लीहा वाटेतच अडवतात. खरी कसोटी इथे आहे.

वडिलांच्या मेंदूतील ज्या पेशी मेल्या, त्या गुठळी आता विरघळवून परत येणार नाहीत. हातासाठी फिजिओथेरपी चालू ठेवावी, रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवावी आणि रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. पुन्हा तोंड वाकडे झाले, हात गळाला किंवा जीभ अडखळली, तर लगेच १०८ ला फोन करावा आणि रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ लिहून ठेवावी. निवडक रुग्णांमध्ये गुठळी नळीने ओढून काढण्याचा उपचार २४ तासांपर्यंत करता येतो.