उदासिनीकरण झालं, मग सामू सात का नाही? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मॅडम, मी अकरावी सायन्सला आहे. प्रोजेक्टसाठी घरातलं व्हिनेगर पातळ करून त्याचं कॉस्टिक सोड्याच्या सोल्युशनबरोबर टायट्रेशन केलं, म्हणजे सोल्युशन थेंब थेंब घालून किती लागतं ते मोजलं. फिनॉल्फथॅलिन हा इंडिकेटर (रंग बदलून शेवट दाखवणारा) गुलाबी झाला तिथे थांबलो, पण पीएच पेपर लावला तर रंग ८ ते ९ च्या मधला येतो. परत केलं तरी तेच. दहावीत तर शिकलोय की आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार आणि पाणी होतं आणि सामू म्हणजे पीएच ७ येतो. मित्र म्हणतात ७ लिहून टाक. माझं कुठे चुकतंय?
– विद्यार्थी, सातारा

उत्तर : काहीच चुकलेलं नाहीये बाळा, तुझं रीडिंग बरोबर आहे, आणि मित्रांचं ऐकून तू वहीत ७ लिहिलं नाहीस याचा मला मनापासून आनंद झाला. उदासिनीकरण म्हणजे सामू ७ हे समीकरण आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की मुलं समोरचा पेपर खोटा मानतात आणि पाठांतर खरं.

आता हे नीट बघ. एका चंचुपात्रात ०.१ मोलर (म्हणजे लिटरमागे ०.१ मोल) हायड्रोक्लोरिक आम्ल १० मिली घे, दुसऱ्यात ०.१ मोलर ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, तेही १० मिली. पहिल्याचा सामू १ येईल, दुसऱ्याचा २.९ च्या आसपास. सामूवरून वाटेल दुसऱ्याला कॉस्टिक सोडा कितीतरी कमी लागेल. पण दोघांनाही ०.१ मोलरचा बरोब्बर १० मिलीच लागतो! कारण ॲसिटिक आम्लाच्या शंभर रेणूंपैकी जेमतेम एखाद-दुसराच एका वेळी हायड्रोजन आयन सोडून मोकळा झालेला असतो, बाकीचे तसेच बसलेले असतात. रेशनच्या दुकानाच्या खिडकीवर एकच माणूस दिसतो पण त्याला धान्य देऊन पाठवलं की मागचा पुढे येतो आणि रांग संपेपर्यंत शंभर जणांचं धान्य लागतंच, तसं हे आहे. सामू फक्त खिडकीवरचा माणूस, म्हणजे मोकळे झालेले हायड्रोजन आयन, बघतो, टायट्रेशन पूर्ण रांग मोजतं.

म्हणजे उदासिनीकरण ही प्रमाणाची गोष्ट आहे, जेवढं आम्ल तेवढी आम्लारी. माणसं हे प्रमाण सामू माहीत नसतानाही मोजत होती. सामूची कल्पना सोरेनसेन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करताना मांडली आणि टायट्रेशन तर त्याच्या शंभर वर्षं आधीपासून चालू होतं.

मग ८-९ कुठून आलं? रांग संपली की तुझ्या शंकुपात्रात उरतं सोडियम ॲसिटेट. हा क्षार पाण्यात गप्प बसत नाही. ॲसिटेट आयनला हायड्रोजन सोडायला आवडत नाही, म्हणून तो पाण्याकडूनच थोडे हायड्रोजन ओढून घेतो, मागे हायड्रॉक्साइड उरतात आणि द्रावण किंचित आम्लारीधर्मी होतं. वरच्या प्रमाणात सामू साधारण ८.७ येतो, तुझ्या पेपरने तेच दाखवलं. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोड्याच्या जोडीतून मीठ तयार होतं आणि मीठ तसं करत नाही, म्हणून तिथे ७ येतो आणि पुस्तकात नेमकी तीच जोडी असते.

उलटं उदाहरण हवं असेल तर कल्हईवाल्याचा नवसागर आठव. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, हाही क्षारच, पण त्याचं द्रावण आम्लधर्मी असतं. तापलेल्या भांड्यावर टाकला की त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतात, तांब्या-पितळेवरचा काळा थर निघतो आणि मग कथील बसतं. धुण्याचा सोडासुद्धा क्षार, पण तो चांगलाच आम्लारीधर्मी. तेव्हा 'क्षार म्हणजे उदासीन' हेही डोक्यातून काढून टाक.

इंडिकेटर तू योग्य निवडलास. फिनॉल्फथॅलिन साधारण ८.२ च्या पुढे गुलाबी व्हायला लागतं आणि तुझा शेवट तिथेच आहे. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ मध्येच रंग बदलतं, ते घातलं असतंस तर बरंचसं आम्ल शिल्लक असतानाच 'झालं' असं वाटलं असतं. आणि फिकट गुलाबी रंग थोड्या वेळाने आपोआप उडतो त्याला घाबरू नकोस, हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळून सामू खाली आणतो. हलवल्यावर अर्धा मिनिट रंग टिकला की रीडिंग घ्यायचं. आणि हो, ७ हा आकडासुद्धा २५ अंश सेल्सिअसचा आहे, ६० अंशांना शुद्ध पाण्याचा सामू ६.५ येतो आणि तरी ते उदासीनच असतं. कॉस्टिक सोडा हाताळताना डोळ्यांवर गॉगल हवाच, घरी तर जास्तच.

प्रश्न : टॉयलेट क्लीनरची बाटली उघडताना मुलाच्या हातावर सांडलं. सासूबाई म्हणाल्या खायचा सोडा चोळ, ॲसिड मरतं. मी हात सरळ नळाखाली धरला. नंतर घरात यावरून बरीच चर्चा झाली. बरोबर काय?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, तुम्ही केलंत तेच बरोबर. सासूबाईंचं रसायनशास्त्र चुकीचं नाही, सोड्याने आम्लाचं उदासिनीकरण होतंच, पण कातडीवर ते करायची वेळ नसते. डबा शोधेपर्यंतचा वेळ जातो, चोळण्याने भाजलेली कातडी सोलवटते, आणि किती सांडलं ते माहीत नसताना किती सोडा पुरेल हे कोण सांगणार? वाहतं पाणी सगळं वाहून नेतं. निदान वीस मिनिटं हात धारेखाली धरायचा, भिजलेले कपडे, घड्याळ, धागा काढायचा. डोळ्यात गेलं तर तसंच पाण्याने धूत राहायचं आणि लगेच डॉक्टर गाठायचा.

आम्लावर कॉस्टिकसारखी तीव्र आम्लारी ओतायचा विचार तर कधीच नको. उदासिनीकरणात उष्णता निघते: २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि २ मोलर कॉस्टिक सोडा सारखे घेऊन एकत्र केले तर तापमान साधारण १३ अंशांनी चढतं, आणि हे पातळ द्रावणांचं झालं. फरशीवर सांडलेल्यावर मात्र खायचा सोडा टाका, फेस थांबेपर्यंत, मग पुसून घ्या. घरात शहाबादी फरशी असेल तर ती स्वतःच फेसाळते कारण तो चुनखडक आहे, तिथे हे क्लीनर वापरूच नका. आणि कळकळीने सांगते, ॲसिडचं क्लीनर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

प्रश्न : हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो?
– इयत्ता सातवी, नाशिक

उत्तर : हळदीतलं कुर्कुमिन हे दर्शक (इंडिकेटर) आहे, आम्लात आणि उदासीन पाण्यात पिवळं, आम्लारीत लालसर. साबण आम्लारीधर्मी. त्याच डागावर लिंबू पिळ, परत पिवळा होईल. हळदीपासून कुंकू करताना तिच्यात चुन्यासारखी आम्लारी घालतात ती याच कारणाने. लिटमससुद्धा असंच निसर्गातून येतं, लायकेनपासून (बुरशी आणि शेवाळ मिळून दगडांवर, झाडांवर वाढतं ते), आणि आईच्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल हेही लायकेनच, जात वेगळी एवढंच.

प्रश्न : आमची नदीकाठची जमीन चोपण (सोडियम साठून घट्ट) झालीय, सामू ८.५ च्या वर. सगळे जिप्सम टाकायला सांगतात. मुलगा म्हणतो जिप्सम हे ॲसिडच नाही, मग आम्लारी जमीन कशी सुधारणार?
– शेतकरी, सांगली जिल्हा

उत्तर : मुलाचा प्रश्न एक नंबर आहे, त्याला माझ्याकडून शाबासकी द्या. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, ॲसिड नव्हेच. पण चोपणीत खरा त्रास सामूचा नाही, मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचा आहे. त्याने कण सुटे होतात, भेगा बुजतात, पाणी वर तुंबतं आणि वाळलं की ढेकूळ दगडासारखं होतं. जिप्सममधलं कॅल्शियम त्या सोडियमला हुसकावून त्याची जागा घेतं, सोडियम सल्फेट तयार होतं आणि ते पाण्यात विरघळतं. शिवाय मातीतला सोडियम कार्बोनेट जिप्समशी मिळून चुनखडी होऊन खाली बसतो, म्हणून सामूही उतरतो.

गंधक टाकतात ते मात्र ॲसिडच्या वाटेने काम करतं. जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात, ते मातीतल्या चुनखडीवर काम करून जागेवरच जिप्सम बनवतं. चुनखडी असलेल्या जमिनीत हे चालतं, फक्त वेळ लागतो. कोकणातल्या जांभ्या मातीचं याच्या अगदी उलट, ती आम्लधर्मी म्हणून तिथे चुना टाकतात. ऐकीव माहितीवर तुमच्या रानात चुना टाकू नका.

एक गोष्ट विसरू नका, सोडियम सल्फेट तयार झालं तरी ते रानातच राहिलं तर काही उपयोग नाही. आधी चर काढा, नाहीतर भूमिगत पाइप टाका, मग जिप्सम मिसळा, मग चांगलं पाणी देऊन निचरा होऊ द्या. एकरी किती टाकायचं ते माती परीक्षणाच्या रिपोर्टवरूनच ठरवा, शेजाऱ्याच्या अंदाजावर नको.