ह्युमिडिफायर (घरातल्या हवेत ओलावा सोडणारं यंत्र) बसवतोयस? आधी हे वाच

फर्नेस (घर तापवणारी भट्टी) हवेतलं पाणी शोषून घेते, हा समज आधी डोक्यातून काढ. कडाक्याच्या थंडीतल्या हवेत बाष्प मुळातच कमी असतं. ती फटींतून आत येऊन तापली की सापेक्ष आर्द्रता (हवा जेवढं बाष्प धरू शकते त्याच्या किती टक्के आहे ते) घसरते. त्यामुळे आधी फटी बुजव. पुष्कळदा तेवढ्यानेही फरक पडतो.

बायपास प्रकारचं (फर्नेसची थोडी हवा वळवून घेणारं) यंत्र अगदी साधं असतं. ह्युमिडिस्टॅटने (आर्द्रता मोजणाऱ्या नियंत्रकाने) मागणी केली की व्हॉल्व्ह उघडतो, जाळीदार पॅडवर पाणी झिरपतं आणि डक्टमधली (हवा नेणाऱ्या नळीतली) गरम हवा त्यातून जाताना बाष्प उचलते. उरलेलं पाणी ड्रेनमध्ये जातं. ते बघून जीव हळहळतो (माझाही हळहळला होता), पण पॅडवरचे क्षार तेच धुऊन नेतं. ब्लोअर (फर्नेसमधला हवा ढकलणारा पंखा) बंद असेल तर मात्र ओलावा घरभर पोचत नाही.

नवशिके हमखास चुकतात ते आकड्यात. ह्युमिडिस्टॅट साधारण ३५ टक्के आर्द्रतेवर ठेव. बाहेर गोठायला लागलं की आणखी खाली आण. खिडक्यांच्या काचा आतून ओघळायला लागल्या तर ओलावा जास्त झालाय. भिंतीत बुरशी धरेल.

पॅड दर हंगामात बदल. उन्हाळ्यात पाणी आणि डँपर (बायपासची हवा अडवणारी झडप) दोन्ही बंद.