१२ व्होल्टचा चार्जर आणि १२ व्होल्टची बॅटरी, तरी लगेच जोडू नका

तुमचे तीन प्रश्न आहेत. गाडीच्या बॅटरीचा जुना १२ व्होल्टचा चार्जर नव्या '१२ व्होल्ट लिथियम' बॅटरीला चालेल का, जास्त अँपिअरचा चार्जर लावला तर बॅटरी जळते का, आणि चार्जरचे प्रकार नेमके कोणते. पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकतो: लेबल वाचल्याशिवाय नाही. का, ते समजायला बाकीचे दोन प्रश्न वाटेत लागतातच.

बॅटरीत वीज ढकलणं सोपं असतं. एक ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, दोन चिमटे, झाला चार्जर. अवघड असतं ते थांबणं. बॅटरी भरली हे ओळखायची खूण प्रत्येक जातीत वेगळी, आणि चार्जरचे प्रकार मुख्यतः त्यावरूनच पडतात.

गाडीची लेड-अ‍ॅसिड बॅटरी घ्या. आत सहा सेल, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या सहा छोट्या बॅटऱ्या. पूर्ण भरून थोडा वेळ नुसती ठेवली की १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, पण भरताना तिला १४.४ च्या आसपास न्यावं लागतं. भरल्यावरही ढकलत राहिलात तर तो करंट पाणी फोडण्यात जातो, हायड्रोजन आणि ऑक्सिजन उडून जातात. माझ्याकडे असाच एक जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर होता. शुक्रवारी रात्री बॅटरी लावली आणि विसरलो. सोमवारी आठवण झाली तोवर पाणी आटून प्लेट उघड्या पडल्या होत्या. डिस्टिल्ड वॉटर घालून पाहिलं, पण ती बॅटरी पुन्हा काही उभी राहिली नाही.

हल्लीचे तीन टप्प्यांचे चार्जर ही चूक करत नाहीत. आधी भरपूर करंट, मग १४.४ च्या जवळ व्होल्टेज धरून उरलेलं सावकाश भरणं, आणि शेवटी १३.५ ते १३.८ वर उतरून नुसती राखण. या शेवटच्या टप्प्याला फ्लोट म्हणतात. जेल बॅटरीला (आतलं अ‍ॅसिड जेलीसारखं घट्ट केलेली लेड-अ‍ॅसिड) थोडं कमी व्होल्टेज लागतं, म्हणून चांगल्या चार्जरवर तिचं वेगळं बटण असतं. (चिमटे आधी लावा, प्लग नंतर. हायड्रोजनजवळ ठिणगी नको.)

आता अँपिअर. इथे बहुतेकांचा गोंधळ मोबाइलमुळे होतो. मोबाइलचा आपण ज्याला चार्जर म्हणतो तो खरा चार्जर नव्हेच, तो अ‍ॅडॉप्टर. चार्जिंगचं सर्किट फोनच्या आत असतं. अ‍ॅडॉप्टरवर ३ अँपिअर लिहिलेलं म्हणजे 'मागितलेत तर इतके देऊ शकतो'. फोन हवे तेवढेच घेतो, जळत नाही. भिंतीवरच्या चार्जिंग पॉइंटला लावलेल्या विजेच्या गाडीचंही तेच; एसीवर लावली तर खरा चार्जर गाडीतच असतो. डीसी फास्ट चार्जिंगमध्ये मात्र तो बाहेरच्या मोठ्या खोक्यात असतो. पण चिमट्यांचा चार्जर थेट बॅटरीला जोडलेला असतो. तिथला अँपिअरचा आकडा म्हणजे तो बॅटरीत ढकलतो तो करंट. साध्या लेड-अ‍ॅसिडला क्षमतेच्या दहाव्या हिश्शाचा करंट मानवतो, म्हणजे ४० अँपिअर-अवरच्या (हे क्षमतेचं माप, बॅटरीवर Ah असं लिहितात) बॅटरीला ४ अँपिअर. छोट्या बाइकच्या बॅटरीला मोठ्या गाडीचा चार्जर लावू नका म्हणतात, ते याचसाठी.

रिमोट-टॉर्चमधले रिचार्जेबल निकेलचे सेल थोडक्यात आटपतो. भरल्यावर त्यांचं व्होल्टेज वाढायचं थांबून काही मिलिव्होल्ट खाली येतं, आणि हुशार चार्जर ती इवलीशी घसरण पकडतो. स्वस्तातले नुसत्या टायमरवर चालतात किंवा चालतच राहतात. जोडीनेच सेल घालायला लावणारा चार्जर घेऊ नका. एक आधी भरतो आणि दुसऱ्यासाठी उगाच तापत बसतो.

आता लिथियम. इथे चुकीला माफी नाही. साधा लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टला भरतो. चार्जर आधी ठरावीक करंट देतो, ४.२ ला पोचल्यावर व्होल्टेज तिथेच धरतो, करंट ओसरत जातो, आणि अगदी थोडा उरला की बंद. राखण वगैरे काही नाही. वर ढकलत राहिलात तर सेल तापतो, फुगतो, प्रसंगी पेटतो. गोठणबिंदूखालीही चार्ज करायचा नाही, आत धातूरूप लिथियम साचतं.

आणि गंमत अशी, की '१२ व्होल्ट लिथियम' या नावाखाली दोन वेगळ्या बॅटऱ्या विकल्या जातात. लेबलवर १२.८ व्होल्ट असेल तर ती लिथियम आयर्न फॉस्फेटची, चार सेलची, ती १४.४ ते १४.६ ला भरते. लेबलवर १०.८ किंवा ११.१ असेल तर ती तीन सेलची लिथियम-आयन, ती १२.६ लाच भरते. हिला गाडीचा चार्जर लावलात तर सेलमागे ४.८ व्होल्ट. मध्ये फक्त आतलं संरक्षक सर्किट, म्हणजे बीएमएस, उभं. ते अपघातासाठी असतं, रोजच्या चार्जिंगला ब्रेक म्हणून वापरू नये.

तुमची १२.८ वाली निघाली तरी जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर नकोच, त्याचं व्होल्टेज कुठवर चढेल याचा नेम नाही. तीन टप्प्यांचा असेल आणि १४.४ ला थांबत असेल तर अडीअडचणीला चालून जाईल, फक्त त्यावरचं 'रिपेअर' किंवा 'रिकंडिशन' बटण दाबू नका. त्यात व्होल्टेज १५ च्या वर नेणारे चार्जर आहेत. आणि भरली की काढा, महिनोन्‌महिने लावून ठेवू नका. रोजच्या वापराला तिच्याच जातीचा चार्जर घ्या.

बॅटरीच्या लेबलवरचा व्होल्टचा आकडा आणि चार्जरच्या मागची पट्टी, दोन्हींवर काय लिहिलंय ते कळवा. मग तुमच्या जोडीबद्दल नेमकं सांगतो.